पॉलिशमामांच्या भुवया

आमचे हे जन्मभर आगीला घाबरत आले. लाकडाला पॉलिश करणाऱ्याला घाबरावंच लागतं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापडाच्या बोळ्यानं लाकडावर फिरवायची, आणि जवळपास कुणी बिडी काढली की त्याच्या अंगावर धावून जायचं. गल्लीत सगळे ह्यांना पॉलिशमामा म्हणतात. घरात गॅस मीच पेटवायचा. मी काडी हातात घेतली की हे अंगणात.

आणि अशा माणसानं माझं स्वयंपाकघर उडवलं.

मुलगी दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून बाळाला घेऊन आमच्याकडे यायची होती. पाळण्यावर शेवटचा हात फिरवायचा राहिला होता. ह्यांनी हट्टच धरला होता, नात पहिल्यांदा निजेल ती माझ्या हातच्या पाळण्यातच. पण थंडीमुळे लाख काही विरघळेना. एरवी हे बाटली कोमट पाण्याच्या बादलीत ठेवतात आणि गप्पा छाटत बसतात. त्या दिवशी दम कुठला निघायला? मी बाजारात गेले होते. ओट्यावर लेकीनं घेऊन दिलेला मायक्रोवेव्ह होता. त्यात ज्वाळा नाही, धूर नाही, काडी ओढायला नको. ह्यांना तो अगदी गरीब स्वभावाचा वाटला. स्पिरिटची बरणी आत ठेवून ह्यांनी बटण दाबलं.

मी परतले तेव्हा मायक्रोवेव्हचं दार एका बिजागरीवर लोंबत होतं. ओल्या पोत्यानं आग विझवून हे ओट्याला टेकून बसले होते. चेहरा लालबुंद, आणि भुवया साफ गायब.

"त्यात आग नव्हतीच गं," हे म्हणाले.

आवाज ऐकून शेजारचा वायरमन धावत आला होता. त्यानं आधी प्लग काढला, मग म्हणाला, "मामा, त्याला आग हवीच कशाला? स्पिरिट तापलं की त्याची वाफ होते. ती त्या बंद डब्यात कोंडली. मग आत कुठं बारीकशी ठिणगी उडाली की संपलं."

मी चांगली खरडपट्टी काढणार होते. शब्दही जुळवले होते. तेवढ्यात ओट्याशेजारी ठेवलेला पाळणा दिसला. त्याची एक बाजू काळी पडली होती, आणि हे तिच्यावरून बोट फिरवत होते.

"उद्या ती यात असती तर?" हे म्हणाले.

रागवायचं राहूनच गेलं. मी ह्यांच्या तोंडाला थंड पाण्याचा फडका लावत बसले.

पाळणा अंगणात गेला. हे म्हणाले, "पुन्हा घासतो, पुन्हा पॉलिश करतो. वास पुरता जाईपर्यंत पोरीला यात ठेवायची नाही." एवढा मोठा हट्ट, पण एका वाक्यात सोडला.

सकाळी लेक आली. तिनं आधी बापाकडे पाहिलं, मग बाळाकडे. बाळालाही भुवया जेमतेमच.

"बाबा, ही अगदी तुमच्यावर गेलीये," ती म्हणाली आणि हसत सुटली. आम्हीही हसलो. हसता हसता तिनं बाळ ह्यांच्या ओंजळीत दिलं. लाखेनं कायमचे तांबूस झालेले ते हात हळूहळू झुलू लागले.

पाळणा बाहेर उन्हात वाळत होता. नात पहिल्यांदा निजली ती त्या हातांवर.