कुस्तासाठी तापवलेली न्हाणी

नोव्हेंबर लागला की दक्षिण एस्टोनियातल्या त्या वाडीत चरखे बंद व्हायचे. पितर घरी येतात, त्यांना आवाज खपत नाही. म्हणून कातणं नको, कुऱ्हाड नको, भांडायचं तेही दबक्या आवाजात. हेल्मीला हे दिवस फार प्रिय. जित्या माणसांनी तिला कधी "बस जरा" म्हटलं नाही. मेलेल्यांनी तेवढी दया केली.

एरवी पहाटे सरकारी सामूहिक शेतीच्या गोठ्यातलं दूध काढायचं, मग घरची गाय, मग सासू. लीसू म्हातारी गुडघ्यांनी अधू, पण जीभ शाबूत. नवरा कुस्ता युद्धावर गेला तो गेलाच. मेल्याची बातमी नाही, जगल्याची खूण नाही.

याच दिवसांत वाफेची न्हाणी तापवून घरातल्या मृतांना एकेकाचं नाव घेऊन आत बोलवायचं. ज्याचं नाव राहिलं तो बाहेर थंडीत. कुस्ताला हाक मारावी, तर तो मेल्याचं कबूल केल्यासारखं. न मारावी, आणि तो खरंच गेला असेल तर? लीसूने मात्र बजावून ठेवलं होतं, "माझा पोरगा जिता आहे. न्हाणीत त्याचं नाव घेशील तर याद राख!" त्याचा सदरा ती पेटीत जपायची आणि दर हिवाळ्याआधी सुनेकडून पुन्हा धुवून घ्यायची. हेल्मी धुवायची. थकली होती बिचारी. वाट बघणं हेही कामच, आणि त्याला सुट्टी नाही.

यंदा म्हातारीला चालवेना. हेल्मीने तिला पाठुंगळी घेऊन न्हाणीच्या पायरीवर बसवलं.

"जड झालात, आई."

"तुझ्या बटाट्यांनी! हाका मार आता, सांज होतेय."

हेल्मीने सासऱ्याला बोलावलं, आजेसासूला बोलावलं, तान्हेपणी गेलेल्या आपल्या लेकीला, आइनेला बोलावलं. मग नेहमीसारखी घुटमळली.

"झालं?"

"झालं."

लीसूने शालीखालून तो सदरा काढला. "हा आत ठेव. दरवर्षी बघते गं तुला, अशीच दाराशी अडतेस. माझा पोरगा बाहेर गारठत असला तर? तूच मार हाक. माझी जीभ वळत नाही."

इतकी वर्षं हवी असलेली मोकळीक हाती आली, आणि हेल्मीला रडू कोसळलं. तोंडावर डोईचा रुमाल दाबून ती रडली, आवाज न करता. मग म्हणाली, "कुस्ता, ये. पाणी गरम आहे."

सदरा ठेवून ती बाहेर आली, दार लोटू लागली.

"राहू दे उघडं," लीसू म्हणाली. "तो दार आपटतो, ठाऊक आहे ना? या दिवसांत आवाज नको."