टोपी काढली की

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली की आम्ही प्रवासी खिडकीबाहेर बघायला लागायचो. आर्वीच्या मोटारस्टँडवर बघण्यासारखं काही नसायचं. पण टोपी निघाली म्हणजे आता कुणाला तरी उतरवणार, हे ठाऊक असायचं.

"माय, जराशा उतरता का? मांगची गाडी येऊनच राह्यली."

ते आर्वी-वर्धा मोटारीचे कंडक्टर. एसटी आमच्याकडे अजून यायची होती. कंपनी म्हणजे एका शेटजींच्या तीन-चार खटारा गाड्या. कंपनीचा ड्रायव्हर, मिस्त्री, कुणी ऐनवेळी आला की भरल्या गाडीत जागा करावी लागे. एक माणूस जास्त दिसला तर नाक्यावर पोलीस अडवत. मग तिकीट काढून बसलेल्यांपैकी एकाला उतरवायचं. कुणाला, ते यांनी ठरवायचं.

मी दर शनिवारी वर्ध्याला घरी जाणारा शाळामास्तर. मला त्यांनी कधी उतरवलं नाही. एकदा विचारलं, "नेहमी गरिबालाच का हो उठवता?"

"भांडणाऱ्याले उतरवलं त गाडीच निंगत नाई, गुरुजी. मंग सगळ्यायचाच खोळंबा."

बोलणं बिनतोड होतं. म्हणून तर मला त्याचा राग यायचा.

माणूस मात्र वाईट नव्हता. उतरवलेल्याचं गाठोडं स्वतः टपावरून काढून सावलीत नेऊन ठेवायचे, पोर असलं तर त्याच्या ओंजळीत फुटाणे घालायचे. यांचा खिसा फुगलेला दिसला की आज कुणाचा तरी नंबर आहे, अशी आम्ही थट्टा करायचो.

एका हिवाळ्यात पुढच्या बाकावर एक गोंड बाई बसली होती. तिच्या नवऱ्याला त्या दुपारी वर्ध्याच्या दवाखान्यातून नागपूरला हलवणार होते. बसल्या बसल्या तिने हे सगळ्यांना सांगितलं होतं. गाडी निघणार तोच मिस्त्री धावत आला. कंपनीची दुसरी गाडी इकडे येताना वाटेत बंद पडली होती. टोपी निघाली.

"माय, जराशा उतरता का?"

"भाऊ, माह्या मालकाले नेऊन राह्यले जी."

"मांगची गाडी येऊनच राह्यली."

ती उतरली. मागची गाडी म्हणजे तीच बंद पडलेली गाडी, हे त्यांना ठाऊक होतं, आम्हालाही होतं. अर्ध्या वाटेत बंद गाडीपाशी मिस्त्री उतरून गेला. तिथून वर्ध्यापर्यंत तिची जागा रिकामी राहिली. रस्त्यात हात दाखवणाऱ्या कुणालाही त्यांनी तिथे बसू दिलं नाही.

पुढे त्यांनीच मला सांगितलं, "तिची न् मालकाची भेट नाई झाली, गुरुजी. तो नागपूरलेच वारला. म्या काऊन खोटं बोललो?"



त्यानंतरच्या एका शनिवारी पुन्हा मिस्त्री आला, पुन्हा टोपी निघाली. पण ते कुणाजवळ गेले नाहीत. मधोमध उभे राहून म्हणाले, "मांगची गाडी आज येत नाई. ज्याले घाई नसन, त्यानं आपल्या मनानं उतरा."

गाडीत कित्येक जण नुसते वर्ध्याचा बाजार बघायला निघालेले होते. कुणीच हललं नाही. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. तेव्हा त्यांनी गळ्यातली तिकिटांची पिशवी काढून मिस्त्रीच्या गळ्यात घातली आणि खाली उतरले.

कंपनीने त्यांना परत गाडीवर घेतलं नाही. नवा कंडक्टर आला, तो टोपी घालत नसे.

त्या शनिवारी गाडी सुटली तेव्हा आम्ही सवयीने खिडकीबाहेरच बघत होतो. बाहेर टोपी काखेत धरून ते उभे होते.