खिडकीतलं पोतं

हिवाळ्यात कुणी खिडकी घट्ट लावून घेतली की माझा जीव आजही घाबरा होतो. घरचे हसतात. त्यामागचं कारण त्यांना माहीत आहे, पण त्यातलं एक वाक्य मी त्यांनाही कधी सांगितलेलं नाही.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. नवी मुंबई तेव्हा नावालाच शहर होती. खाडीकाठच्या एका पोलीस ठाण्यात मी फौजदार होतो. आमच्याकडे बारा महिने घाम पुसायची सवय; घरात स्वेटर असलाच तर तो ट्रंकेच्या तळाशी, डांबरगोळ्यांच्या वासाचा. त्या वर्षी जानेवारीत एकाएकी अशी थंडी पडली की शिपाई गणवेशावर माकडटोपी घालून हजेरीला उभे राहू लागले. मी दोघांना झापलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच मफलर गुंडाळून आलो. त्यातच उरणच्या रस्त्यावर एसटीच्या थांब्याशी एक निराधार म्हातारा गारठून मेलेला सापडला. पंचनामा मीच केला. मन फार खट्टू झालं. म्हणून जीपवर भोंगा बांधून नव्या वसाहतीत फिरलो. "रात्री दारं-खिडक्या घट्ट लावा, फटी बुजवा, बाळंतिणींना आणि लेकरांना जपा," असं स्वतः ओरडून सांगितलं. लोक गॅलरीत येऊन ऐकत होते. आपण काहीतरी चांगलं करतोय या समाधानात मी चहा प्यालो.

चौथ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना त्याच वसाहतीतली एक बाई धापा टाकत आली.

"साहेब, आमच्या बाजूची बाळंतीण गेली. पोर पण. अकरा दिवसांची होती बिचारी. सासूनं काढ्यातनं कायतरी दिलं असनार. मुलगी झाली तेव्हापासून म्हातारीचं तोंड उतरलेलं."

कुटुंब मराठवाड्यातलं, येऊन जेमतेम चार महिने झालेलं. म्हातारीचा मुलगा कारखान्यात रातपाळीला होता. सुनेला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासूनंच केलं होतं. एकच खोली, वर स्लॅब. बाजेवर सून, तिच्या कुशीत मूल. अंगावर एकही खूण नाही. आम्ही पोहोचेपर्यंत शेजाऱ्यांनी दार-खिडकी उघडून सामान बाहेर काढलं होतं. गॅलरीत शेगडीवर पाणी तापत होतं. मी ती शेगडी पाहिली आणि ओलांडून आत गेलो. काढ्याचं भांडं मात्र जपून सीलबंद केलं.

म्हातारीला ठाण्यात आणलं. ती भिंतीला टेकून जमिनीवरच बसली.

"नात नको होती ना तुला?" मी दरडावलं.

"म्या काय बी केलं न्हाई, साहेब. म्या तिला ऊब दिली."

"मग दोघी मेल्या आणि तू एकटी कशी वाचलीस?"

"म्या भाईर निजले हुते, ग्यालरीत. आत जागा कुठंय? माजी गोधडी बी तिच्याच अंगावर घातली."

एवढ्या थंडीत कोण म्हातारी आपली गोधडी देऊन बाहेर झोपेल, असं मला वाटलं. माणसांचं वाईट ऐकायची आम्हाला इतकी सवय की चांगलं कानावर आलं तर ते खोटंच वाटतं. दिवसभर मी तेच तेच विचारलं. संध्याकाळी दारात उभा असलेला तिचा मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "आई, खरं काय ते सांग." तोवर ती रडली नव्हती. त्याच्या त्या वाक्यावर रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. "फौजदार, काढ्याचं सोडा. रक्त बघा, लालभडक. खोलीत कोळसे पेटवले होते का?"

माझ्या डोळ्यांसमोर ती गॅलरीतली शेगडी आली.

म्हातारीला आणि तिच्या मुलाला घेऊन खोलीवर गेलो. हवालदार जबाब लिहून घेत होता. तिनं काही लपवलं नाही. "हितं बाजंखाली ठिवली शेगडी. धूर जाईस्तोर भाईर, मंग निखारं लाल झाल्यावर आत. लेकराला धूर लागू दिला न्हाई, साहेब. गावाकडं समद्यांची बाळंतपणं म्या अशीच केली."

"काल का नाही सांगितलंस?"

"तुमी काढ्याचंच इचारलं."

तिच्या गावच्या माळवदाला सवणं होतं, म्हणजे छतातलं भोक. आत जे काही साठेल ते त्यातून निघून जायचं. इथे वर सगळीकडून बंद स्लॅब. खिडकीखाली एक पोतं पडलं होतं.

"हे काय?"

"खिडकीत कोंबलं हुतं. दाराच्या फटीत चिंध्या. तुमीच गाडीतनं सांगितलं न्हवं, फटी बुजवा म्हून?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. विचारलं म्हणून सांगत होती. हवालदाराचं पेन थांबलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"लिहू का, साहेब?"

"मुद्द्याचं तेवढं लिहा," मी म्हणालो.

नियमाप्रमाणे जबाब वाचून दाखवला. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, बंद खोलीत तो झोपेतच माणसाला मारतो, हेही समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "मंजी साहेब, म्याच मारलं?"

मुलगा खिडकीबाहेर बघत होता. तिच्यावरचा संशय मीच त्याच्या मनात पेरला होता, आणि तो काढायच्या वेळी मी त्याहून वाईट असं काहीतरी तिच्या हातात दिलं. 'तू एकटी नाहीस, बाई, मीही आहे त्यात,' एवढं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "अंगठा इथे."

अकस्मात मृत्यू म्हणून प्रकरण बंद झालं. मी पुन्हा भोंगा घेऊन वसाहतीत फिरलो. शेगडी आत नेऊ नका, निखारे विझवून झोपा, खिडकी थोडी उघडी ठेवा. लोक पूर्वीसारखेच गॅलरीत येऊन ऐकत होते. एका गॅलरीचं दार तेवढं बंद होतं. म्हातारी गावी गेली होती. तिथेही थंडीत ती चुलीजवळ बसत नसे, असं पुढे मुलानं सांगितलं. दोन हिवाळे तिनं तसे काढले. तिसरा काढला नाही.

या प्रकरणानं मला शिकवलं की अर्धवट माहिती असलेल्या माणसाच्या हाती भोंगा देऊ नये, मग तो गणवेशात का असेना. पण हे शिकायला मला कसलीच किंमत मोजावी लागली नाही, बढतीसुद्धा वेळेवर मिळाली. त्या जबाबाखाली तिचा अंगठा आहे, माझी सही आहे, आणि ते वाक्य नाही.