खिडकी मेजर

गाडीतल्या जागेवरून माझे सासरे कुणाशीही वाद घालू शकत. एरवी त्यांचा आवाज शेजारच्या घरात कधी गेला नाही. भाजीवाला तराजूला बोट लावतोय हे डोळ्यांनी दिसत असलं, तरी ते पिशवी उचलून गुपचूप चालू लागत. पण रेल्वेतल्या खिडकीचा प्रश्न आला की त्यांच्यातला फौजी जागा व्हायचा. साताऱ्यात आमच्या गल्लीत सैन्यातून परतलेल्यांची बरीच घरं, आणि आपल्याकडे हवालदार होऊन आलेल्यालाही लोक मेजरच म्हणतात. नुसतं 'मेजर' म्हटलं तर कुठला ते कळायचं नाही, म्हणून आमच्या सासऱ्यांना सगळी गल्ली 'खिडकी मेजर' म्हणायची. घरात आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

गणपती उठले की दरवर्षी आबा आम्हाला गोव्याच्या गाडीनं घाट दाखवायला न्यायचे. गोवा दाखवायला नव्हे. मडगावला उतरायचं, स्टेशनाजवळच्या खानावळीत मासळीचं ताट घ्यायचं आणि परतीच्या गाडीत बसायचं. समुद्राचं नाव काढलं की म्हणायचे, "त्येच्यात काय बघायचं? पाणी सपाट पडलंय." त्यांना हवा असायचा तो कॅसल रॉकपासून खाली उतरणारा घाट. एकामागून एक बोगदे, गाडी वर आणि ढग खाली, आणि मधेच दूधसागरचा धबधबा असा की त्याचे शिंतोडे रुळांवर उडतात.

हे सगळं गाडीच्या एकाच बाजूनं नीट दिसतं. दुसऱ्या बाजूला डोंगराची ओली भिंत. त्यामुळे तिकीट काढण्याच्या कितीतरी आधी आबा माहुलीला असलेल्या सातारा स्टेशनावर चकरा मारू लागत. आमच्या नेहमीच्या नंबरांच्या जागा दरीकडे येणार की डोंगराकडे, हे डबा कुठल्या तोंडानं जोडलाय त्यावर ठरायचं. ते फलाटावर उभे राहून गाडी बघून येत आणि रात्री जेवताना सांगत, "आज बी दरीकडंच हुता डबा." घरात परीक्षेच्या निकालासारखा ताण असायचा. एका वर्षी डबा ऐन दिवशी उलटा लागला आणि आम्ही सबंध घाट खडक बघत उतरलो. आबा मडगावपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "खडकावर नेचे चांगले हुते की. लय हिरवे." त्यावर आबांनी तोंड फिरवलं.

एसीच्या डब्याचं त्यांना वावडं होतं. "काचंतनं बघायचं तर घरात टीव्ही काय वाईट हाय? वास येतो का काचंतनं?" त्यांची आवडती जागा म्हणजे आपत्कालीन खिडकी, जी संकटकाळी बाहेर पडायला पूर्ण उघडता येते. तिथं सासूबाईंना बसवायचं, समोर मला, आणि स्वतः मधे बसून दोघींच्या डोक्यांवरून वाकून बघायचं. माझा नवरा संदीप, तोही फौजेत, सुट्टीवर असला तर त्याला वरच्या बाकावर चढवायचे. संदीप कुरकुरायचा, "आबा, मला काय दिसणार वरून?" आबा म्हणायचे, "तुला बघायला लय वर्सं पडल्यात."

एकदा मी त्यांना विचारलं, की खिडकीचं एवढं का? ते अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. म्हणाले, "पोरी, चोवीस वर्सं नोकरी केली. जम्मू बघितलं, आसाम बघितलं, राजस्थान बघितलं. पर कसं? सुट्टी मंजूर झाली की त्याच रात्री निघायचं. रिझर्वेशन कोण देणार? दाराजवळ ट्रंकेवर बसून यायचं. सगळा देस फिरलो आन माणसांचे पाय बघितले." एवढं बोलून त्यांनी सुपारी तोंडात टाकली. तक्रारीचा सूर नव्हता. हवामान सांगावं तसं सांगितलं.

ज्या वर्षाबद्दल सांगायचं आहे, त्या वर्षी संदीप उत्तरेला सीमेवर होता. मी सांगलीला एका बँकेत नोकरी करते, सासूसासरे साताऱ्याला. दोघांनी साताऱ्याहून गाडीत बसायचं आणि मी पहाटे सांगलीला चढायचं, असं ठरलेलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बँकेतल्या सहकाऱ्यानं मोबाइलवर बातमी दाखवली. संदीपच्या भागात चकमक झाली होती. काही जवान जखमी होते, नावं दिली नव्हती. मी संदीपला फोन लावला. लागला नाही. परत लावला. मग बाहेर पायरीवर येऊन आबांना लावला.

"बघितलं मी," आबा म्हणाले. आवाज अगदी खाली. "तुझ्या सासूला ठावं न्हाई. टीव्हीची पिन काढून ठेवलीया. केबल गेली म्हणून सांगितलंय."

"आबा, उद्याचं रद्द करू या."

"न्हाई. उद्या सकाळी गल्ली उठली की एकेक मेजर दारात यील, काय कळलं का म्हणून इचारत. तिचं बीपी तुला ठावं हाय. मागल्या साली दवाखान्यात किती दिवस काढले? गाडीत तिला कोण इचारणार?"

"आणि फोन आला तर?"

"युनिटकडं तुझा नंबर हाय आन माझा हाय. दोन्ही आपल्यासंगं येत्यात. तू नेहमीसारखी ये. तोंड पाडून येऊ नगंस."

पहाटे सांगलीच्या फलाटावर मी उभी होते. गाडी आली. दारातच आबा उभे, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, खिशात फोन. माझी पिशवी घेताना त्यांनी नुसती मान हलवली. काही कळलं नाही, असा अर्थ मी घेतला. सासूबाई खिडकीत बसून डबे उघडत होत्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खर्डा. मला जवळ ओढून त्यांनी विचारलं, "संद्याचा फोन आलता का गं?"

"नाही आई. रेंज नसेल तिकडं."

"व्हय, डोंगरात कुठली रेंज," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात दशमी ठेवली. ती दशमी मी कशी गिळली ते माझं मला माहीत.

आबा गप्प होते. नेहमी मिरज सोडली की ते घाटाचं वर्णन सुरू करत, कुठल्या वळणावर काय दिसेल ते सांगत. त्या दिवशी हाताची घडी घालून समोर बघत बसले. सासूबाईंनी दोनदा त्यांच्याकडे निरखून पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "आवं, बरं न्हाई का तुमाला?"

बेळगावला एक गृहस्थ मुलाबाळांसह चढले आणि त्यांनी धाकट्या मुलीला सासूबाईंसमोरच्या माझ्या खिडकीशी बसवलं. मी मधे सरकून तिला जागा दिलीच होती, तेवढ्यात आबा उभे राहिले.

"ती जागा आमची हाय."

"काका, लहान मुलगी आहे. थोडा वेळ बघेल."

"थोडा येळ म्हंजे किती? घाट थोडाच येळ असतोय. तिकीट दावा."

"अहो, एवढं काय त्यात?"

"एवढं म्हंजे? डबा कंच्या तोंडानं लागतोय ते आठ दिस बघून जागा धरल्यात. तुमी आयत्या येळंला आला."

आवाज नको इतका चढला होता. आजूबाजूचे लोक वळून बघू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबांचा एक हात त्या गृहस्थाच्या तिकिटाकडे होता आणि दुसरा शर्टाच्या खिशावर, फोनवर घट्ट दाबलेला. सासूबाई मात्र पदराआड हसल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "झालं ह्येंचं सुरू. मला वाटलं, ताप आलाय की काय." त्यांचा चेहरा निवळला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे भांडण त्या गृहस्थाशी नव्हतंच. थोड्या वेळानं आबांनी स्वतःच त्या मुलीला आपल्या जागेवर बसवलं, तिला चिक्की दिली आणि आपण दारात जाऊन उभे राहिले.

कॅसल रॉकला गाडी बराच वेळ थांबते. उतार सुरू होण्याआधी तिथं ब्रेक तपासतात. आबा खाली उतरले. फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फोन वर धरून चालत गेले. एका जागी थांबले, कानाला लावला, काढला, परत लावला. धुकं एवढं होतं की मधेच दिसेनासे व्हायचे.

"कशाला उतरल्यात?" सासूबाईंनी विचारलं.

"चहा बघतायत."

ते रिकाम्या हातानं परत आले. "चहा संपलाय," म्हणाले. त्यांच्या मागंच चहावाला किटली घेऊन ओरडत येत होता. सासूबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग आबांकडे. आबा क्षणभर गडबडले. मग वळून त्यांनी तीन चहा घेतले. माझा कप माझ्या हातात देताना निम्मा चहा माझ्या पदरावरच सांडला. "न्हाई लागला," एवढंच ते पुटपुटले. फोन लागला नव्हता, हे मला समजलं.

घाट सुरू झाला आणि दोन्ही फोनवरची रेंज गेली. आता काही कळणारच नव्हतं. बोगदा आला की डब्यात अंधार व्हायचा आणि आबांच्या चेहऱ्यावर फोनचा निळसर उजेड पडायचा. बोगदा संपला की ते फोन खिशात घालून बाहेर बोट दाखवायचे, "त्यो बघ, तिथनं पाणी पडतंय." त्यांचा आवाज नेहमीचा होता. मला ते जमत नव्हतं. मी त्या लहान मुलीच्या रिबिनीकडे बघत बसले होते.

दूधसागर आला तेव्हा सगळा डबा आमच्या बाजूला लोटला. पाणी पुलाच्या अंगावर आल्यासारखं दिसत होतं. सासूबाईंनी दोन्ही हात खिडकीबाहेर काढले, ओले केले आणि तोंडावरून फिरवले. त्या अगदी मनापासून हसत होत्या. "आवं, हिकडं बगा की. अवंदा लय पाणी हाय." आबा वाकले, पण त्यांनी धबधब्याकडे पाहिलं नाही. ते सासूबाईंकडे बघत होते.

खाली घाट संपतो तिथं, कुळेला गाडी थांबली आणि आबांचा फोन वाजला. आबा ताडकन उठून उभे राहिले. पाय जुळलेले, मान ताठ. "जी साब," ते म्हणाले. "जी साब. होश में है? बात किया उसने? जी साब." डब्याचं झाकण लावणारा सासूबाईंचा हात तसाच राहिला.

आबांनी फोन बंद केला आणि खाली, सासूबाईंच्या पायाशी, गाडीच्या फरशीवरच बसले. "संद्याला लागलंय. पायाला. दवाखान्यात हाय, शुद्धीत हाय. बोलतोय."

मला रडू फुटलं. जिवंत आहे, एवढंच डोक्यात होतं. सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कवा लागलं?"

"काल."

"आन तुमाला कवा कळलं?"

"काल बातमी बघितली. त्योच हाय का दुसरा कोण, ते ठावं नव्हतं. पोरीला मीच गप बसवली. तिची चूक न्हाई."

"मी हसत हुते," सासूबाई म्हणाल्या. "माझं पोर तिथं रगतात पडलेलं, आन मी पाणी बगून हसत हुते."

"तू घटकाभर हसावीस म्हणूनच आणली तुला."

"मला इचारलं हुतं का, मला हसायचं हाय का म्हणून?"

मडगावला उतरून मिळेल त्या गाडीनं आम्ही परत फिरलो. त्या गाडीत कोण कुठे बसलं, ते मला आठवत नाही.

संदीप वाचला. पुण्याच्या लष्करी रुग्णालयात बरेच महिने काढले. आता जरा लंगडत चालतो, कचेरीतलं काम करतो. सासूबाई त्याच्या उशाशी बसून असायच्या आणि आबा बाहेरच्या बाकावर. दोघांत बोलणं कामापुरतं. पुढच्या वर्षी गणपती उठल्यावर आबांनी हळूच विषय काढला, तर सासूबाई म्हणाल्या, "तुमी जावा." आबा गेले नाहीत. परत त्यांनी घाटाचं नाव काढलं नाही. मी एकदा त्यांना म्हटलं, "आबा, तुम्ही त्यांच्या जिवासाठीच केलंत." ते म्हणाले, "फौजेत खालच्याला सगळं सांगत न्हाईत. ऑर्डर द्यायची. मी तिला बी तसंच केलं. ती काय माझ्या हाताखाली हुती?"

आणखी एक वर्षानं त्यांना खोकला लागला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो काढायला लावला, तर कॅन्सर निघाला. संदीपला आणि मला त्यांचा फोन आला तेव्हा आबा शांत होते, सासूबाईच जास्त बोलल्या. आबा त्यानंतर एक उन्हाळा काढून गेले.

दिवसकार्य झाल्यावर सासूबाई काही दिवस माझ्याकडे सांगलीला आल्या होत्या. एका संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसलो असताना त्या आपणहून बोलू लागल्या.

"डॉक्टरकडनं एकलेच आले. मी मेथी निवडत हुते. चप्पल बी काढली न्हाई, तसेच माझ्या म्होरं बसले. म्हणाले, ऐक. डॉक्टरनं काय सांगितलं ते सगळं सांगतो, काय बी ठेवत न्हाई. पोरास्नी अजून सांगितलं न्हाई. पयलं तुला सांगतोय."

"मग?"

"मग सगळं सांगितलं. किती दिस म्हणाला डॉक्टर, ते बी. मी मेथी बाजूला सारली. दोघं बी तसंच बसलो, दिवा लावायचा बी राहिला."

मी विचारलं, "आई, तुमचा राग गेला होता का हो?"

"त्या दिशी गेला," त्या म्हणाल्या. "पर तवा त्येंच्याकडं दिसच लय कमी हुते."