सायबाचं दुखणं

आमच्या पासलीत टेनिस एल्बो झालेला पहिला माणूस मी. तोवर गावात टेनिसचा चेंडूसुद्धा कुणी पाहिला नव्हता.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. माझ्या बायकोला, सीतेला, दिवस गेले होते आणि आई तिच्या आजारी भावाजवळ कामथडीला जाऊन राहिली होती. घरात आम्ही दोघं आणि माझे वडील, आबा. आबांना रोज ताज्या पिठाचीच नाचणीची भाकरी लागे. (शिळं पीठ त्यांना वासावरून कळायचं!) इकडे जातं ओढताना सीतेला घेरी यायला लागली. गिरणी तिकडं लांब भोरला. करता काय? आबा गुरं घेऊन बाहेर पडले की मी दार लावून जात्यावर बसायचो आणि सीता भिंतीला टेकून ओव्या म्हणायची, म्हणजे शेजाऱ्यांना वाटावं तीच दळतेय! बाप्यानं जात्यावर बसणं म्हणजे त्या काळी मिशी उतरवून ठेवल्यासारखंच.

त्यात माझा स्वभाव चुळबुळ्या. सावकाश दळणं मला जमेना. खुंटा असा गरगरा फिरवायचो की पीठ आढ्यापर्यंत उडायचं.

"अवं, दमानं! माजी येक ववी हुईस्तवर तुमचं सूप रिकामं!" सीता ओरडायची.

थोड्याच दिवसांत कोपराच्या बाहेरच्या अंगाला अशी कळ यायला लागली की भरलेला तांब्या हातात टिकेना. एकदा तो सुटला तो थेट आबांच्या अंगठ्यावर.

"कशानं झालं रं हे?" आबा अंगठा धरून नाचत म्हणाले.

"लाकडं फोडून, आबा."

"लाकडं तर म्या फोडतो!"

मग आबांनी माझा हात ताब्यात घेतला. निरगुडीचा शेक झाला, आंबेहळद झाली. बिब्बा घातला, तर कोपरावर लिंबाएवढा फोड! वरच्या वाडीतला हाडवैद्य आला. "सांदा सरकलाय," म्हणाला आणि हात असा ओढला की आता खांदाही दुखू लागला. हात गळ्यात अडकवून स्वस्थ बस, आबा म्हणाले, पण हात बांधला तर पाय थांबेनात. अंगणात मी इतक्या येरझाऱ्या घातल्या की आमच्या कोंबडीनं खुडूक बसायला शेजारचं घर पाहिलं!

शेवटी आबांनी मला भोरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मनगट वर उचलायला सांगितलं आणि वरून दाबलं. मी टेबलावरून खाली आलो.

"मूठ आवळून हात फिरवायचं काम करता का?"

आबा तंबाखू थुंकायला दाराशी गेलेले बघून मी हळूच म्हणालो, "दळतो."

डॉक्टर हसले नाहीत. भला माणूस! "मनगट उचलणारे स्नायू कोपराच्या ह्या हाडाला चिकटतात. फार ताण पडून तिथली शीर दुखावलीय. दळण बंद. पट्टी बांधा, गरम पाण्यानं शेका, कळ उतरली की हलका व्यायाम. बिब्बा परत लावलात तर माझ्याकडे येऊ नका!"

आबा आत आले. "पन ह्याला म्हंत्यात काय?"

"टेनिस एल्बो. टेनिस खेळणाऱ्या साहेबलोकांना होतो. अर्थात इतरांनाही..."

'इतरांना' ऐकायला आबा होते कुठं! ते रस्त्यावर पोचले होते. "पोरगं सायबाचा खेळ खेळतंय! घरात बोललं न्हाई, लई गुणाचं!" वाटेत भेटेल त्याला त्यांनी हे सांगितलं. जातं की टेनिस, यात मी टेनिस पत्करलं.

बातमी वेल्ह्याला गेली. तिथं एका गोऱ्या सरकारी साहेबांचा बाईसाहेबांसह मुक्काम पडला होता आणि त्यांना खेळायला जोडीदार मिळत नव्हता. शिपाई बोलवायला आला! आबांनी ठेवणीतला फेटा बांधला. निम्मं गाव बैलगाड्यांतून निघालं, सीतासुद्धा.

दोन झाडांना जाळी बांधलेली. साहेबांनी माझ्या हाती रॅकेट दिली. मी ती सुपासारखी दोन्ही हातांनी धरली. साहेब चकित झाले, पण चेंडू मारलाच. मी डोळे मिटून हात फिरवणार, एवढ्यात बायकांच्या घोळक्यातनं आवाज आला,

"अवं, नगा फिरवू त्यो हात! डाक्टरनी दळायचं बंद करा म्हनलंय न्हवं!"

चेंडू माझ्या कपाळावर बसला.

"दळायचं?" आबा म्हणाले.

आणि मग जे हसू फुटलं! शिपायानं अर्थ सांगितला तेव्हा साहेब तर हसत खुर्चीवर बसले. सीतेनं पदरात तोंड लपवलं. परतीच्या वाटेवर आबा गाडीत माझ्याकडे पाठ करून बसले. मी गाडीत बसू शकेना, उतरून चालू लागलो. चालवेना, परत चढलो. घरी आल्यावर सीतेनं सगळं सांगितलं, तेव्हा आबा जात्याकडे बघत राहिले.

"सीतेला घेरी येती, हे मला का न्हाई सांगितलं?" ते हळूच म्हणाले. "म्या भात खाल्ला असता की रं."

मला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवशी साहेबांचा शिपाई पुन्हा दारात. या खेपेला त्याच्या डोक्यावर गव्हाचं पोतं!

"बाईसाहेबांनी विचारलंय, कोपर बरं झालं की एवढं दळून द्याल का? जरा बारीक."

सरकारदरबारी माझ्या हाताची कदर झाली, ती एवढीच!