कळशीचं तोंड गोल दिसतं का?

सातवीपर्यंत मी चित्रकलेच्या तासाला एकच चित्र काढलं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि नारळाचं झाड. कुंडलच्या पलीकडच्या आमच्या गावात नारळाचं झाड नव्हतं, पण गुरुजी फळ्यावर काढायचे आणि आम्ही वहीत उतरवून घ्यायचो. ही नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. शाळा जिल्हा परिषदेची, आणि चित्रकला म्हणजे शनिवारचे शेवटचे दोन तास.

सातवीला नवीन बाई आल्या. सांगलीजवळच्या जैन शेतकरी घरातल्या, रोज एसटीनं येणाऱ्या. पहिल्या शनिवारी त्यांनी फळ्याला हातच लावला नाही. पाण्याची पितळी कळशी उचलून खुर्चीवर ठेवली आणि म्हणाल्या, "काढा."

मी काढली. वर गोल तोंड, खाली सपाट बूड. बाई माझ्या वहीशी थांबल्या.

"हे तोंड एवढं गोल कसं?"

"बाई, गोलच असतं ते."

"असतं. पण तुला दिसतं का तसं?"

मी वर बघितलं. कळशीचं तोंड गोल दिसत नव्हतं. दाबून चपटं केल्यासारखं, लांबट दिसत होतं. इतकी वर्षं कळश्या भरल्या, आणि हे मला कधी दिसलंच नव्हतं! "घरी जाऊन बघ अजून," बाई एवढंच म्हणाल्या.

घरी मी परात घेऊन बसले. खाली ठेवली की गोल. तशीच आडवी धरून वर उचलत नेली की चपटी होत जायची. अगदी डोळ्यांसमोर आली की गोलपणा पार नाहीसा, नुसती एक आडवी रेघ. आई भाकरी थापत होती.

"काय गं, परातीला झोका देतीस व्हय?"

मी तिला सांगितलं. तिचा विश्वास बसेना. पिठाचे हात पुसून तिनं परात घेतली, एक डोळा मिटला आणि हळूहळू वर नेली.

"अगं बया! तोंडच गेलं की गं!"

आई दुसरीपर्यंत शिकलेली. तिला त्या दिवसापासून नादच लागला. रानातनं आली की काहीतरी सांगायची. एकदा म्हणाली, "विहिरीचं तोंड लांबनं चपटं दिसतं, आणि जवळ जाऊ तसं उघडत जातं. मी दोनदा मागं जाऊन बघितलं." मी ते बाईंना सांगितलं, तर बाईंनी दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला विहिरीवर नेलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावलं. मला आणि वर्गातल्या आणखी एका मुलीला पाणी द्यायला थांबवून घेतलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "शिष्यवृत्तीच्या परीक्षेचं वर्ष आहे. चित्रकलेचे दोन तास गणिताला देऊ म्हणतो. कुणाची हरकत?"

पुरुषमंडळींनी माना डोलावल्या. बाई खाली बघत उभ्या होत्या. मला बोलावंसं वाटत होतं. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

"आवं गुरुजी, एक इचारू? तुमच्या हातातल्या पेल्याचं तोंड कवा सरळ रेघ दिसतं, सांगा बरं?"

कुणीतरी हसलं. मुख्याध्यापक हसले नाहीत. त्यांनी पेला बघितला, जरा वर उचलला, आणखी वर नेला. त्यांचं बघून बाकीच्यांनीही आपापले पेले डोळ्यांसमोर धरले. एकाच्या सदऱ्यावर पाणी सांडलं.

"दिसते खरी रेघ," मुख्याध्यापक म्हणाले.

"आमी जल्मभर भांडी घासली, पर हे मला पोरीनं दावलं, आणि तिला बाईंनी. त्यो तास ठिवा. गणित काय, घरी पण करंल."

शेवटी एक तास गणिताला गेला, एक राहिला. पुढच्या शनिवारी मुख्याध्यापक मागच्या बाकावर वही घेऊन बसलेले दिसले. त्यांनीही माझ्यासारखं कळशीचं बूड सपाट काढलं होतं; दिसतं तेही तोंडासारखं वाकलेलं. बाईंनी ते दाखवलं, तेव्हा मात्र ते मनापासून हसले.

मला शिष्यवृत्ती मिळाली नाही. घरी कुणी रागावलं नाही, पण मला वाईट वाटलं, हे खरं. वर्ष संपलं तशी बाईंची बदली म्हसवडकडे झाली. शेवटच्या तासाला त्यांनी खिडकीतून लांबचा डोंगर दाखवला आणि विचारलं, "तो निळा का दिसतो?" घंटा झाली आणि बाई गेल्या.

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "मला काय म्हाईत? जाऊन बघू की."

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सकाळी भाकरी बांधून आम्ही दोघी खरोखरच चालत निघालो. डोंगर जवळ येत गेला तसा निळा रंग उतरत गेला. वर पोचलो तर नुसतं वाळकं गवत आणि तांबडी माती. पलीकडे आणखी एक डोंगर होता, तो निळा. मी जरा हिरमुसले. आई धापा टाकत दगडावर बसली आणि आलो त्या वाटेकडं बघायला लागली.

"हिकडं बघ," ती म्हणाली, "आता आपलं गाव निळं झालंय."