डोक्यावर छत असलेलं पाणी

बुडालेल्या माणसांची प्रकरणं मी नोकरीत बरीच हाताळली. पण मनातून जात नाही ते प्रकरण वेगळंच आहे. त्यात अजून कोणी बुडालेलं नव्हतं.

पनवेलच्या एका ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून केबिनकडे निघालो, तेव्हा तिशीची एक बाई ठाणे अंमलदारासमोर उभी होती. तो तिला समजावत होता, "मॅडम, तुमचे मिस्टर सुखरूप आहेत ना? मग गुन्हा कसला लिहू?"

ती आवाज न चढवता म्हणाली, "माझे आहेत. आता जे निघालेत त्यांचं काय?"

मी तिला आत बोलावलं.

ती बँकेत नोकरीला होती. आदल्या वर्षी ती आणि तिचा नवरा नवीन पनवेलमधल्या एका डायव्हिंग सहली नेणाऱ्याबरोबर परदेशातल्या बेटावर सुट्टीला गेले होते. तिथे समुद्राखाली एक गुहा होती. आत शिरल्यावर कोणाचा तरी पाय तळाला लागला, गाळ उठला आणि काही दिसेनासं झालं. टॉर्च एकच, तोही वाटाड्याच्या हातात. नवऱ्याचा हात सुटला. ती कशीबशी बाहेर आली. तो आला तेव्हा त्याच्या टाकीतली हवा संपत आली होती.

"अजून ते लिफ्टमध्ये चढत नाहीत," ती म्हणाली. "आणि आता आमच्या शाखेतले एक जण बायकोला घेऊन त्याच माणसाबरोबर, त्याच गुहेत निघालेत. मी सांगितलं, तर म्हणतात, तुम्ही लोक घाबरलात म्हणून तसं झालं."

मला या विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं. जासईच्या एका कंटेनर यार्डात सुरक्षा अधिकारी असलेले नौदलाचे निवृत्त डायव्हर माझ्या ओळखीचे होते. मी आणि ठाण्यातली महिला उपनिरीक्षक त्यांना जाऊन भेटलो.

"उघड्या समुद्रात काही बिघडलं तर माणूस वर येऊ शकतो," ते म्हणाले. "गुहेत डोक्यावर छत असतं. म्हणून परतीची वाट सापडायला गुहेच्या तोंडापासून आतपर्यंत दोर लावायचा. प्रत्येकाकडे स्वतःचे टॉर्च हवेत. बाहेरचा उजेड दिसेनासा होईल इतकं आत जायचं नाही, आणि एक तृतीयांश हवा वापरली की मागे फिरायचं. नेणाऱ्याकडे गुहेचं वेगळं प्रशिक्षण हवं, साधं समुद्राचं चालत नाही."

"आणि जागा कशी निवडायची?" उपनिरीक्षकांनी विचारलं.

"आधी माणूस निवडा. जो कोणालाच नाही म्हणत नाही, त्याच्याबरोबर जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बापलेक बनून साध्या वेशात त्या ऑफिसात गेलो. मोबाइलच्या दुकानावरचा पहिला मजला, भिंतीवर निळ्या पाण्याचे फोटो. सहली नेणारा चालक पस्तिशीचा, बोलायला गोड.

"मला पोहता येत नाही, चालेल?" उपनिरीक्षकांनी विचारलं.

"नो प्रॉब्लेम मॅडम. आमचा माणूस हात धरून नेईल."

मी म्हटलं, "माझी मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झालीय."

"अहो काका, पाण्यात वजनच लागत नाही. तुम्हाला तर उलट बरं वाटेल."

गुहेच्या प्रशिक्षणाबद्दल विचारलं, तेव्हा त्याने भिंतीवर फ्रेम केलेलं प्रमाणपत्राचं कार्ड दाखवलं. उपनिरीक्षकांनी त्याच्यासोबत हौसेने सेल्फी काढला, त्यात कार्डही आलं. कार्ड देणाऱ्या संस्थेकडे आम्ही मेलवर चौकशी केली. कार्डावरचा क्रमांक दुसऱ्याच देशातल्या एका माणसाचा निघाला. त्या बाईंची फिर्याद घेऊन फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल केला आणि चालकाला ताब्यात घेतलं.

चौकशीत तो कार्डावर बोलायला तयार, पण गुहेवर नाही. मिठागरात काम करणाऱ्या घरातला पोरगा, समुद्रात लहानाचा मोठा झालेला, डायव्हिंगही रीतसर शिकलेला. "कार्डाची चूक झाली साहेब," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "पण जागा सेफ आहे. मी लोकांना मारायला नेतो का?"

आरडाओरडा करून असा माणूस बोलत नाही. मी चहा मागवला आणि त्याच्या घरच्यांबद्दल विचारू लागलो. लग्न नुकतंच झालं होतं. या सहलीला बायकोही येणार होती, तिचा पहिलाच परदेश प्रवास. सांगताना त्याचा चेहरा खुलला.

"मग तीही उतरणार असेल गुहेत," मी म्हटलं.

"नाय, ती बोटीवर थांबंल."

"का? जागा तर सेफ आहे."

त्याने कप खाली ठेवला. मग शहरी भाषा गळून पडली.

"आत लय गाळ हाय साहेब. पयल्या वळणाच्या पुढं उजेड नाय. मी सोता एकदाच गेलो, परत गेलो नाय. तिथला मासेमारी करणारा एक जण लोकांना नेतो, तो पन काय शिकलेला नाय. दोर लावला तर ग्रुप लवकर आटपत नाय, म्हनून लावत नाय."

तो जबाब पुढे तपासात कामी आला. पण मी आधी उपनिरीक्षकांना त्याच्यासमोरच सहलीतल्या सगळ्यांना फोन लावायला सांगितलं. सहल रद्द झाली.

बँकेच्या शाखेतले ते गृहस्थ संध्याकाळी ठाण्यात येऊन माझ्याशी भांडले. "वर्षभर वाट पाहिली या सुट्टीची. जबाबदारी आमची होती, तुम्ही कोण अडवणारे?" मी ऐकून घेतलं. त्यांना जबाब वाचून दाखवला. चालकाची स्वतःची बायको बोटीवर थांबणार होती, हे ऐकल्यावर ते खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

खटला रीतसर चालला, चालकाला शिक्षा झाली. ते गृहस्थ पुढच्या सुट्टीत बायकोला घेऊन दुसऱ्या एका सहल नेणाऱ्याबरोबर गेले. त्याने आधी त्यांना तलावात उतरवून पाहिलं आणि गुहेला साफ नकार दिला. उघड्या समुद्रात कासवं पाहून आल्याचं त्यांनी मला फोन करून सांगितलं.

गुन्हेगाराला धोका दिसत नाही, असं मी तोवर समजत होतो. या माणसाला तो चांगला दिसत होता. आपल्या बायकोपुरता त्याने तो अचूक ओळखला होता. इतरांच्या बायकांच्या बाबतीत डोळेझाक केली होती. त्यानंतर माझ्यासमोर चौकशीला बनावट औषधं विकणारे आले, कच्च्या इमारती बांधणारे आले. तू काय केलंस, हे मी त्यांना नंतर विचारत असे. यातलं तू स्वतःच्या घरच्यांना काय देतोस, हे आधी.